सांदवाडीतली भिंत

त्या भिंतीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढा संताप क्वचितच आला.

मालगुजारी जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी केशोरीकडच्या एका ठाण्याचा अंमलदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक विधवा बाई पायरीवर येऊन बसली. आदल्या दिवशी आमच्या हवालदारानं तिला "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणून हाकललं होतं. तरी ती पुन्हा आली.

"साहेब, मळणीपायी मी खळ्यावर राहून राहिली होती. घरी आली तं शेजाऱ्यानं भित घालून माही विहीर तिकडं घेतली. आता भाजी कायच्या भरोशावर पिकवू?"

त्या भागात धान घरी येईपर्यंत माणसं खळ्यावरच मुक्काम करतात. मागे घराला कुलूप. घरामागच्या सांदवाडीतली वांगी, मिरच्या, वाल विकून ही बाई जगत होती. विहीर गेली तर तिला गावच सोडावं लागणार होतं.

शेजारी म्हणजे जुन्या मालगुजाराचा कारभारी. त्यानं आपल्या सांदवाडीत बैठकीची खोली काढली होती, आणि त्या खोलीची भिंत कुंपण ओलांडून विहिरीपलीकडे नेली होती. "अफसर लोक येतात, त्यांच्या सोयीसाठी," म्हणाला. म्हणजे त्या बाईच्या विहिरीचं पाणी पिऊन आमच्यासारख्यांनी कोंबडी झोडायची. भिंतीचं विचारलं तर हसला.

"बारा वर्षांच्या वर झाली, साहेब. कब्जा आमचा आहे. गावाले पुसा."

गावाला पुसलं. पाच जाणत्यांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. पाचही जण म्हणाले, भिंत जुनीच आहे. वरून छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला, त्यामुळे ती दिसायलाही जुनी. मी नुसता दात खात परतलो.

बाजाराच्या दिवशी गर्दीत एक माणूस जवळून जाता जाता पुटपुटला, "साहेब, भितीच्या बुडाशी पाहा." नाव सांगायला तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पाचही जणांना घेऊन मी भिंतीपाशी गेलो. बुडाशी छुई फोडून धानाचे हिरवे कोंब वर आले होते. मातीत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, कालवून तिकडे भिंती घालतात. यानं घाईत खळ्यावरचं ताजं तणीस न झटकताच कालवलं होतं. त्यातले दाणे ओल्या मातीत उगवले.

पाचांतल्या सर्वांत वडीलधाऱ्याला मी खाली बसवलं. "बाबा, हे काय आहे?"

"धान."

"कोणत्या मळणीचं?"

त्यानं एक कोंब उपटून बुडाचा दाणा पाहिला. मग म्हणाला, "याच मळणीचं."

पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. कारभाऱ्यानं आपल्याच गड्यांकडून भिंत पाडून घेतली.

कारभारी लबाड होता, त्याला कलम लावता आलं. पण जन्मभर धान पिकवलेल्या त्या पाच जणांना हे कोंब दिसले नव्हते? रोज त्याच वाटेनं जात होते. बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याला माझ्याकडे कलम नव्हतं, याचीच चीड अजून जात नाही.

बाईनं विहिरीचं पाणी शेंदून आम्हा पोलिसांना दिलं. त्या वडीलधाऱ्यानंही ओंजळ पुढे केली.

ती म्हणाली, "तुमच्या जबाबात तं विहीर त्याची आहे, बाबा. त्यालेच मागा." आणि उरलेलं पाणी तिनं वांग्यांना घातलं.