हौदातले दोन थर

पुंडलिकनगरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजात पाणी कसं वाहतं हे शिकवतो. त्यामुळं पाण्यातलं सगळ्यात जास्त मला कळतं, असा आमच्या गल्लीत समज होता. तो पसरवण्यात माझाही थोडा हात होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची एक लांबट टाकी आहे. मधे फळी घालायची, एका बाजूला लाल रंगवलेलं मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. फळी उचलली की खारं पाणी जड म्हणून तळाशी उतरतं आणि साध्याच्या खालून पुढं सरकतं. खाली लाल, वर नितळ. मुलं फोटो काढतात, मी तास संपवतो. टाकी धुणारे मामा दर वर्षी म्हणायचे, "सर, मागनं सगळं गुलाबीच होतंय की." मामा, ते अभ्यासक्रमात नाही, असं मी सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी तिचं मीठ कमी केलं आणि बोअरचं पाणी एकदम बंद. आमच्याकडचं बोअरचं पाणी असं की त्यात डाळसुद्धा शिजत नाही. म्हणजे पुढचा नळ येईपर्यंत आईचं पिणं हौदातल्या नळाच्या पाण्यावर. हौद अर्धा भरलेला होता. वापरायच्या पाण्याची गच्चीवरची टाकी नेमकी त्याच आठवड्यात तडकली, आणि आधीच सांगून ठेवलेला करमाडकडचा टँकर बोअरचं खारं पाणी घेऊन दारात उभा राहिला.

बायको म्हणाली, परत पाठवा. मी म्हणालो, हौदातच सोडू.

मग मी गेटवरच तास घेतला. खारं पाणी जड, ते तळाशी बसेल. गोडं वर राहील. प्यायचं वरून काढायचं, वापरायचं मोटरनं खालून ओढायचं. कागदावर आकृती काढून दाखवली, बाणांसकट. समोरच्या घरातल्या खाला त्यांच्या ओट्यावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "वो सब ठीक है सर. पर अम्मा के वास्ते एक हंडा पहले निकाल के रखो ना." एक हंडा काढून ठेवायचा म्हणजे माझ्या विषयावर अविश्वास दाखवायचा. मी नको म्हणालो.

टँकरवाल्यानं वीतभर जाडीचा पाइप हौदाच्या तोंडात घातला. मी म्हणालो, हळू सोडा.

"सर, टँकर हाय, सलाईन नाय," म्हणत त्यानं सगळी चावी उघडली.

पुढं काय होणार ते मला माहीत होतं, हीच तर गंमत. असा खळाळता जड प्रवाह तळाशी जाऊन गुपचूप बसत नाही. त्याच्या डोक्यामागं भोवरे उठतात आणि शेजारचं पाणी ओढून आत घेतात. वरात कशी रस्त्याकडेच्या बघ्यांना नाचायला ओढते आणि चौकापर्यंत वऱ्हाडी कोण, वाटेतले कोण ते कळेनासं होतं, तसं. त्यात वरून कोसळणारी धार म्हणजे विचारायलाच नको. याच्यावर मी दहा मार्कांचा प्रश्न काढलेला आहे आणि पोरांचे मार्क कापलेले आहेत. स्वतःच्या हौदाच्या कडेला मात्र ते सुचलं नाही, कारण समोरची माणसं माझं ऐकत होती, आणि ते सुख कॉलेजात मिळत नाही.

टँकर गेल्यावर तासभर पाणी निवळू दिलं. मग अगदी अलगद, वरच्या वर पेला भरला. आई म्हणाली, "आण, आधी मीच पिते." अर्धा पेला तिनं घटाघटा संपवला.

"गोड हाय," ती म्हणाली. "तू म्हणला तसंच."

मी बायकोकडं ज्या नजरेनं बघितलं ती आठवली की आजही लाज वाटते. तिनं पेला घेतला, एक घोट चाखला, पेला माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मी प्यालो. खारट होतं. हौदात वाकून पुन्हा वरचं घेतलं, मग दोरीनं तळाचं काढलं. दोन्हींची चव एकच.

आईनं हात पुढं केला. "दे की, अजून पिते."

शाळेत होतो तेव्हापासून मी सांगेन ते तिनं खरं धरलं होतं. आता माझं खरं करण्यासाठी ती सुजलेल्या पायांनी आठ दिवस हे पाणी प्यायला तयार होती. मला रडूच आलं. पेला मोरीत ओतला.

"आई, हे खारं आहे. माझं चुकलं."

"हळू बोल," ती दाराकडं बघत म्हणाली. "तिला ऐकू जाईल."

बायको घरात नव्हतीच. हंडा घेऊन खालांच्या दारात उभी होती, माझ्या आईसाठी पाणी मागत.