माझ्या हातचं पीठ

जात्यावर बसलेल्या बाईचा फोटो तुम्ही कधी काढलाय का? थंडीत हुरडा खायला कुठं गेला असाल, बैलगाडीत बसला असाल, तेव्हा काढला असेल. कदाचित ती बाई मीच असेन. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नजर खाली. नजर खाली ठेवायची, असं मला सांगितलेलं होतं. फोटो चांगला येतो.

मी जात्यावरची बाई नाही. मी पर्यटन व्यवस्थापनाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. अणदूरची. आमच्या घरी माझ्या जन्माआधीपासून गिरणीचं पीठ येतं. जात्याचा खुंटा मी पहिल्यांदा धरला तो तेविसाव्या वर्षी, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून.

शेवटच्या सत्रात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. त्याच्या प्रमाणपत्रावर मालकाची सही लागते. सही नाही तर पदवी नाही. मला आणि माझ्या वर्गातल्या ऋतुजाला नळदुर्गच्या पुढचं एक कृषी पर्यटन केंद्र मिळालं. मालक मोठे बागायतदार. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला.

"कुठल्या तुम्ही?"

"अणदूर."

"आरं वा, आपल्याच भागातल्या. अणदुरात कुठं?"

"भीमनगर."

पुढचं त्यांनी काही विचारलं नाही. ऋतुजाला स्वागतकक्ष मिळाला. मला जातं.

"तुमच्या लोकान्ला कष्टाची सवय असती. पावण्यान्ला अस्सल वाटलं पायजे," मालक म्हणाले. त्या दिवसापासून ऋतुजा 'मॅडम' झाली. मी 'आगं'.

आणि मी बसले. हे लपवणार नाही. पहिल्या सत्रात 'पर्यटनातील अस्सलपणा' यावर मी निबंध लिहिला होता, सरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मला वाटलं, हेही शिक्षणच. हाताला फोड आले, फुटले. पाहुणे यायचे, मोबाईल काढायचे. एक बाई माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, "किती नॅचरल आहे गं ही!" मी हसले. तेही लपवणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी पिठाचं सूप घेऊन चुलीकडं निघाले. एरवी एक गडी येऊन ते न्यायचा. त्या दिवशी तो आला नव्हता. चुलीवर स्वयंपाक करायच्या वेणूबाई, गावातल्याच. मला बघून त्या ताडकन उठल्या.

"तिथंच ठिव! आत येऊ नगंस."

"मावशी, पीठ आणलंय."

"ते हितं कशाला? ते गुरान्ला जातंय." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या हळू झाल्या. "तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय? मालक म्हनत्यात, पावण्यांच्या पोटाचा इषय हाय. माझं काय न्हाय गं बाई. म्या रोजानं येते."

भाकरी गिरणीच्या पिठाच्या होत्या. माझं पीठ गाईंच्या आंबोणात पडत होतं. अठरा दिवस. गाय पवित्र. गाईला माझा हात चालत होता.

मी ऋतुजाकडं गेले. तिनं रजिस्टरमधून मान वर केली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी रविवार. अंगण भरलेलं. मी दळत होते. चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "याच पिठाची भाकरी मिळणार ना आम्हाला?"

"याच पिठाची! चुलीवरची!" मालक हसून म्हणाले.

मी खुंटा सोडला. उभी राहिले.

"नाही. हे पीठ गुरांना जातं. माझी जात कळल्यापासून."

एक बाई म्हणाली, "अजून असं असतं?" मालक म्हणाले, "शिकल्याली पोरगी हाय, डोस्कं जरा गरम हाय. चला, पानं वाढल्याती." आणि सगळे गेले. जेवायला बसले. एकही पान मागं सरलं नाही. मी अंगणात उभी होते आणि मला ऐकू येत होतं, कुणीतरी ठेचा अजून मागत होतं.

मला वाटलं होतं, खरं मोठ्यानं सांगितलं की लोक उठतील. लहानपणापासून घरात येणाऱ्या चळवळीच्या प्रत्येक पत्रकात हेच छापलेलं होतं. लोक उठत नाहीत. लोक जेवतात.

मालकांनी सही केली नाही. ऋतुजाला 'उत्कृष्ट' मिळालं. मी अहवालात सगळं लिहिलं, सतराव्या पानावर. सरांनी ते दोनदा वाचलं.

"हे पान काढ. पाच ओळींचं माफीपत्र दे. मी सही आणून देतो."

"सर, खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं कोण म्हणतंय? केंद्र हातचं गेलं तर पुढच्या पोरांना पाठवू कुठं?"

फिर्याद द्यायची, असं घरी बोलणं झालं. साक्षीदार कोण? वेणूबाईंचं काम जाईल. ऋतुजा फोन उचलत नाही. पाहुणे आपापल्या शहरांत. पीठ गुरांच्या पोटात.

माझा निकाल अपूर्ण आहे. तो पूर्ण होईल असं मला वाटत नाही. सहीशिवाय दुसरी वाट नाही आणि ती सही माफीवर अडली आहे. आई म्हणते, "दे की लिहून, पाच वळी तर हायत्या." तिनं माझ्या शिक्षणासाठी काय काय सोसलं ते मला ठाऊक आहे. तरी मी लिहिणार नाही. सतरावं पान अहवालात राहील. पदवी न मिळालेल्या अहवालात, पण राहील.

तुम्ही पर्यटन शिकवत असाल तर एक करा. ज्या केंद्रात विद्यार्थी पाठवता, तिथं आधी स्वतः जा. चुलीपाशी उभे राहून विचारा, इथं कुणी कशाला हात लावायचा नाही? उत्तर मालकाकडून लेखी घ्या. ते मिळेपर्यंत एकही विद्यार्थी तिथं पाठवू नका.