अचलपूरची वेल, अकोल्याची भिंत

माझी भाची अमरावतीला माझ्याकडे राहून गृहसजावटीचं शिकत होती, त्या काळात आमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूला स्वस्थता नव्हती. चादर अंथरली की ती तिच्यावरच्या कोयरीवर बोट ठेवायची. "मावशी, हा आंबा नाही बरं का. हे इराणातलं सुरूचं झाड हाये, वाऱ्यानं वाकलेलं." समोरच्या घराच्या लोखंडी फाटकावर अर्धा सूर्य आणि त्याचे किरण आहेत. तो सूर्य म्हणे एके काळी पॅरिसमध्ये फॅशनीत होता, तिथून मुंबईच्या सिनेमागृहांवर आला आणि मग आमच्या गल्लीतल्या फाटकावर. घरातल्या मोझॅकच्या फरशीवर मी वर्षानुवर्षं पोछा मारत आले. ती फरशी मूळची व्हेनिसच्या मजुरांची, हे मला तिनं सांगितलं. श्रीमंतांच्या वाड्यांतून उरलेले संगमरवराचे तुकडे ते आपल्या गच्चीवर चुन्यात बसवायचे.

मी शाळेत मराठी शिकवते. लग्न केलं नाही. ताई, माझी मोठी बहीण, अकोल्याला दिलेली. तिची ही एकुलती एक मुलगी बारावीनंतर माझ्याकडे आली, आणि माझ्या दोन खोल्यांत रंगांचे डबे, कागदाच्या गुंडाळ्या आणि बडबड भरून गेली. संध्याकाळी गिलावडा बांधून आणायची आणि त्याच कागदावर तेलकट बोटांनी मला नक्षी काढून दाखवायची.

अकोल्याच्या घराला रंग द्यायचा ठरला त्या उन्हाळ्यात तिनं भाऊजींकडून एक भिंत मागून घेतली. पुढच्या खोलीतली, जिथं दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात ती. भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना सगळं एकरंगी आणि स्वच्छ आवडायचं. पण पोरीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. "एकच भिंत," ते म्हणाले. "अन लवकर आटप."

भिंतीवर काय काढायचं हे ठरवायला ती मला अचलपूरला घेऊन गेली. परतवाड्यापर्यंत बस, पुढे ऑटो. तिथं नवाबांच्या काळातल्या जुन्या कबरी आहेत. ऊन इतकं होतं की दगडाला हात लावला तर चटका बसत होता. ती मात्र एका कबरीपाशी बसली आणि दगडात कोरलेल्या वेलीवरून बोट फिरवत राहिली. पान, कळी, फूल, पुन्हा पान. बोट फिरत फिरत कोपऱ्यावरून वळलं आणि दुसऱ्या बाजूला गेलं.

"मावशी, याची सुरुवात कुठं हाये, सांग."

मी शोधली. मला सापडली नाही.

"नाहीच हाये," ती म्हणाली. "त्याईच्यात देवाच्या जागी माणसाचं चित्र काढत नाही. मग हे वेल काढली. सुरुवात नाही, शेवट नाही. इराणातून दिल्लीले आली, दिल्लीहून इकडे. गेलेल्या माणसाले बगीचा भेटावा म्हणून दगडावर बगीचा काढते."

मी तिला माझ्या डोक्यावरचा ओला रुमाल दिला. तिनं तो डोक्याला न बांधता हाताखाली धरला, कारण दगड तापलेला होता आणि तिला त्यावर कागद ठेवून वेल उतरवायची होती.

ताईला हे सांगितल्यावर ताई पोळ्या लाटता लाटता थांबली. "थडग्यावरची वेल? घरात कायले?"

"आई, ते बगीचा हाये. महालक्ष्म्याच्या मागं बगीचा नको का तुले?"

ताईनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "फुलं लाल काढजो. महालक्ष्म्याले लाल शोभते." तिची हरकत तेवढीच.

पोरगी साचे वापरत नव्हती. डाव्या कोपऱ्यातून हातानं सुरू केलं, पाण्यात कालवलेल्या रंगांनी. हिरवा देठ, गेरूची फुलं. माझ्याकडून शनिवारी तिचे वर्ग सुटल्यावर ती अकोल्याला जायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायची, नखांत हिरवा रंग घेऊन. पावसाळा लागल्यावर भिंतीला ओल आली म्हणून काम थांबलं. नागपंचमीनंतर उघडीप मिळाली तेव्हा पुन्हा सुरू झालं. वेल भिंतीच्या मध्यापर्यंत आली, विजेच्या बटणांच्या वर. तिथं एक देठ वळला होता आणि त्याला अजून फूल यायचं होतं.

महालक्ष्म्या यायच्या आधी काम संपवायचं म्हणून ती अकोल्यालाच थांबली होती. तिथं तिला ताप आला. ताईनं मला फोनवर सांगितलं, "अंग दुखते म्हणते. भिजली असन." मग रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. मी पोहोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "मावशी, तुह्या घरचे माहे ब्रश पाण्यात तसेच हायेत. काढून ठेवजो, नाहीतर केस वाकते." नागपूरला हलवायचं ठरलं, गाडीही आली. तिला गाडीत बसवायच्या आधीच ती गेली.

त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या नाहीत.

लोक येत होते. पुढच्या खोलीतच सतरंजी घातली होती, त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्या भिंतीसमोर बसायचा. पहिले काही दिवस कोणी काही बोललं नाही. मग भाऊजींच्या नात्यातल्या एक बाई आल्या, रडल्या, डोळे पुसले आणि वेलीकडे पाहून विचारलं, हे काय. ताईनं भोळेपणानं सांगितलं. कुठून उतरवली, कशी उतरवली, सगळं. ती पोरीबद्दलच बोलत होती, तिला बोलायचं होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! थडग्यावरचं घरात आणलं? अन तेही भरलं नाही, अर्धंच? कोणं सांगतलं होतं?"

मी म्हणाले, "काकू, ताप डासानं येते." माझा आवाज चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे पाहू लागले. ताई उठून आत गेली. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चप्पल घालून बाहेर निघून गेले.

दहावं-तेरावं झाल्यावर मी अमरावतीला परतले, शाळा होती. मागाहून ताई माझ्याकडे आली, पोरीचं सामान न्यायला. आम्ही दोघींनी मिळून ते बांधलं. कपडे ताईनं घेतले. रंग तुह्याकडे राहू दे म्हणाली. तिला पोचवायला मी सोबत गेले.

दार उघडताच ताज्या रंगाचा वास आला.

भिंत पांढरी होती. वरपासून खालपर्यंत, बटणांच्या आजूबाजूलाही. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांच्यावर पांढरे थेंब. भाऊजी खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून, जणू त्यांना कोणी तिथं बसवून ठेवलं होतं. रंगारी नुकताच गेला होता.

ताईनं पिशवी खाली ठेवली. भिंतीजवळ गेली, तळवा टेकवला, तळव्याकडे पाहिलं.

"ओली हाये," ती म्हणाली.

मग तिनं पदराचं टोक स्वयंपाकघरातून भिजवून आणलं आणि पुसायला लागली, डाव्या कोपऱ्यातून. तिला वाटलं असेल, वरचा रंग निघेल आणि खालून वेल दिसेल. पण पोरीचे रंगही पाण्याचेच. पांढऱ्याबरोबर हिरवं निघालं, मग गेरू. पदरावर नुसता चिखलासारखा रंग आला. ताई पुसतच राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा भिंतीवर हातभर जागेत खालचा जुना चुना दिसायला लागला होता.

"काहून केलं?" तिनं वळून विचारलं. ओरडली नाही.

भाऊजी खाली वाकून वर्तमानपत्रं गोळा करू लागले.

ताई त्याच पिशवीसह माझ्याबरोबर परत निघाली. अकोला सुटेपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "त्याईले त एक भिंत तशीच नाही ठेवता आली." मी तिला पाण्याची बाटली दिली.

हिवाळाभर ती माझ्याकडे राहिली, पोरीच्या खाटेवर झोपली. मी शाळेतून यायची तेव्हा स्वयंपाक तयार असायचा, पण ती स्वतः नीट जेवत नसे. भाऊजींचा फोन रोज यायचा. ती घ्यायची, "हो" किंवा "नाही" म्हणायची आणि ठेवायची. भिंतीचा एकच फोटो तिच्या मोबाइलवर होता. तिरपा, घाईनं काढलेला. त्यात वेलीपेक्षा पोरीचं कोपरच जास्त दिसत होतं. ताई तो बोटांनी मोठा करायची आणि कोपरावर थांबायची.

एक दिवस भाजी निवडताना ती म्हणाली, "सगळे माह्या गळ्यात पडून रडले. तुह्या गळ्यात कोणी पडलं नाही."

मी मेथीची पानं खुडत राहिले.

"ते तुहीबी पोरगी होती ना," ताई म्हणाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तोवर सगळीकडे मी मावशी होते. पाणी देणारी, सतरंजी झटकणारी. ताईनं निवडलेली मेथी बाजूला सारली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं.

संक्रांतीनंतर भाऊजी आले. कळवलं नव्हतं. बारीक झाले होते, शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटून राहिली होती. चहा ठेवला तो त्यांनी घेतला नाही.

"त्या बाईच्या बोलण्यावर माहा इश्वास नव्हता," ते ताईकडे न पाहता म्हणाले. "लोकं काही म्हणो. पण सकाळी उठलो का थे भिंत समोर. त्या वळलेल्या देठापाशी नजर जाये. इथं पोरीचा हात थांबला. रोज इथंच थांबला. मले श्वास येत नव्हता."

"मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं."

"हो. नाहीच म्हटलं असतं." ताई म्हणाली. "मले थेच पाहायचं होतं. तिचा हात कुठं थांबला, थेच. तुमाले जे पाहवत नव्हतं, मले त्याच्याबिगर करमत नाही. आता मी काय पाहू?"

भाऊजी रडले. निवृत्त अधिकारी माणूस, माझ्यासमोर, तोंडावर हातरुमाल धरून. ताई बसल्या जागेवरून उठली नाही. पण थोड्या वेळानं तिनं गार झालेला चहा उचलला, आत नेऊन गरम केला आणि त्यांच्यासमोर पुन्हा ठेवला. या वेळी ते प्याले.

ते एकटेच परत गेले. ताई काही दिवसांनी गेली, बसनं, मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली.

मी मध्ये मध्ये जात होते. दोघं एका घरात राहत होते, कमी बोलत. ताईनं पुसलेली हातभर जागा भाऊजींनी पुन्हा रंगवली नव्हती, आणि ताईनंही तिच्यावर काही टांगलं नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, पण आतल्या खोलीत. पुढच्या खोलीत मांडायचं ताईनं सुचवलं नाही आणि भाऊजींनी कारण विचारलं नाही. मखर भाऊजींनीच बांधलं, बाजारातल्या झेंडूच्या माळांनी. गाठी सैल पडत होत्या. जेवायला बोलावलेल्यांत त्या नात्यातल्या बाईही होत्या. ताईनं त्यांना पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं, आणखी घ्या म्हणाली. बाई खाली मान घालून जेवल्या.

पाहुणे गेल्यावर भाऊजी शेवटी जेवायला बसले. मी भांडी आवरत होते.

"तू जेवली का?" त्यांनी ताईला विचारलं.

"नंतर जेवते."

"आता बस ना."

ताई दाराशी उभी राहिली. मग तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या बाजूला पाट ओढला. कढी निवली होती. मी ती पुन्हा गॅसवर ठेवली.