सभेत फुटलेलं रडू

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आताही दाराकडे बघत बघत लिहिते आहे — चौथी शिकलेली बाई काय लिहीत बसली, असं कोणी विचारलं तर?

आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. गोड्या पाण्याची एकच टाकी मंजूर झाली. ती आमच्या वरच्या गल्लीत बसवायची की खाली, विहारामागे — त्यासाठी ग्रामसभा भरली. सरपंचांनी आधीच बजावलं, "बायांनो, रडारड नाई पायजे. मुद्द्याचं बोला."

सुमन मुद्द्याचंच बोलली. ती विहारामागे राहते. निंदणाला आम्ही सोबत जायचो. वरच्या गल्लीतले लोक पाण्याचे कॅन विकत घेतात, खालच्या लोकांना ते परवडत नाहीत — एवढंच तिनं सांगितलं. खारं पाणी पिऊन पिऊन तिच्या सासूची किडनी खराब झाली होती, अकोल्याच्या दवाखान्यात फेऱ्या चालू होत्या. ते तिनं काढलंच नाही. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, "सासूचं नाई सांगत मी. रडू फुटन मले, अन् मंग म्हणतीन, बाया रडूनच घेतेत."

मग आमच्या गल्लीतल्या बायांनी मला पुढे ढकललं. मी चारचौघांत कधी बोललेली नव्हते. माईक हातात आला आणि रडूच फुटलं. ते रडू खरं होतं — पण भीतीचं होतं. समोरचे पुरुष एकदम गप्प झाले. मला ते दिसलं. तिथेच खाली बसता आलं नसतं का?

मी म्हणाले, "माही सासू ह्याच पाण्यानं गेली."

माझी सासू म्हातारपणानं गेली, झोपेत. कॅनचं पाणी प्यायची. सुमनच्या सासूचं दुखणं मी माझ्या सासूच्या नावावर सांगितलं — सुमनच्याच समोर. कोणी काही विचारलं नाही. रडणाऱ्या बाईला कोण विचारतं? सरपंचांनीच डोळे पुसले. भराभर हात वर झाले.

सुमनला सगळं माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. 

टाकी आमच्या गल्लीत आली. सुमनची सासू होती तोवर ती तिच्यासाठी चढ चढून पाणी न्यायची. सासू गेली, तरी येते. परवा नळाखाली घागर लावून हसत म्हणाली, "तुह्या सासूच्या जिवावर पितो वो आमी, वैनी."

मी तिची घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली.