आइनो आजींची मेणबत्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

जर्मनीत हॅनोव्हरला आलो तेव्हा मी दहावीही न झालेला, हॉटेलच्या किचनमध्ये कांदे चिरणारा माणूस. खोली कोण देणार? आइनो आजींनी दिली. त्या मूळच्या फिनलंडच्या, नवरा जर्मन, तो वारलेला. माझा पत्ता नोंदवायला काठी टेकत पालिकेच्या ऑफिसात स्वतः आल्या. तेव्हापासून त्यांना 'नाही' म्हणणं मला जमलंच नाही — गोष्ट तिथेच बिघडली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी फिनलंडमध्ये लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. बर्फात सगळी दफनभूमी उजळते म्हणे. आजी दरवर्षी नवऱ्याच्या कबरीवर लावायच्या. त्या वर्षी कंबर धरली होती. म्हणाल्या, "तू लावशील? आज त्याला अंधारात ठेवायचं नाही."

"हो हो, आत्ता जातो."

आमच्याकडे सणाच्या संध्याकाळी कुणी स्मशानाकडे फिरकत नाही. त्यात गावी बायकोला सातवा महिना. मी ट्रामच्या स्टॉपपर्यंत गेलो — आणि उभा राहिलो. एक ट्राम सोडली, दुसरी सोडली. परत फिरून आजींना खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्या रागावल्या नसत्या, हेही ठाऊक होतं. मग? — मेणबत्ती तिच्या लाल भांड्यासकट स्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तासाभराने घरी आलो.

"पेटली?"

"पेटली. वारा होता, पण पेटली."

वाऱ्याचं कुणी विचारलं होतं? आजींनी माझे गार हात चोळले, तांदळाची खीर वाढली आणि फिनलंडला बहिणीला फोन लावला. भाषा कळली नाही. माझं नाव तेवढं दोनदा ऐकू आलं.

जानेवारीत कंबर सुटली, तशा त्या स्वतः कबरीवर जाऊन आल्या. मेणबत्ती विझली तरी तिचं लाल भांडं तिथेच राहतं — याचा मी विचारच केला नव्हता. आल्यावर त्यांनी कोट काढला, चहा ठेवला. माझ्यापुढे कप ठेवला. मी चहा प्यायलो.

पुढच्या नाताळला मेणबत्ती त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या हातात दिली. माझ्यासमोर. मग माझ्याकडे वळून "हुवॅ योउलुआ" म्हणाल्या — त्यांच्या भाषेत नाताळच्या शुभेच्छा — आणि मीही उलट तेच म्हणालो.