शेजारच्या बांधीतलं रोप

हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून येताना चंद्रभान मोटरसायकलवरून पडला. डोक्याला जबर मार बसला. शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोलाच विचारलं, "नर्सबाई, मले सुट्टी कधी देता जी?" हातपाय धड, बोलणं धड, संसाराच्या आठवणी तेवढ्या पुसलेल्या. घरी आल्यावरही तो वच्छलाला 'बाई' म्हणायचा आणि पाहुण्यासारखा संकोचून जेवायचा.

अशात शेजारच्या शोभाताईंनी बातमी आणली, की आता म्हणे मेंदूत नव्या पेशी लावतात. पारशिवनीकडच्या धानाच्या शेतात वाढलेली वच्छला तडक चंद्रभानवर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टर मुग्धाकडे गेली.

"मॅडम, रोवणीले रोप कमी पडलं तं आमी शेजारच्या बांधीतून आणतो. माह्या डोक्यातलं घ्या न जी! मले आमचं सारंच आठवते."

डॉक्टर हसली नाही. "हे अजून प्रयोगातच आहे, वच्छलाबाई. आणि उद्या जमलं, तरी पेशी जातील, तुमच्या आठवणी नाही जाणार."

"मंग मी काय करू?"

"सांगत राहा त्यांना. रोज थोडं थोडं. नवीन शिकायची ताकद शाबूत आहे त्यांची."

वच्छला जिन्यात बसून रडली. पण त्या डॉक्टर पोरीचे उपकार ती आजही मानते. खोटी आशा लावणारे पैशाला पासरी मिळतात. खरं सांगून वर कामाला लावणारं माणूस नशिबानंच भेटतं.

मग रोज जेवताना ती सांगू लागली. एकदा तो पोहण्याची ऐट दाखवायला गेला आणि कालव्यात चप्पल घालवून अनवाणी घरी आला, ते सांगितलं. मधेच 'सकाळचा चहा तुमीच करत होते' हेही तिनं खपवून दिलं. बिचारा खरंच चहा करू लागला!

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं विचारलं, "या कोण?"

"माही बायको."

"आठवलं?"

चंद्रभाननं वच्छलाकडे बघितलं. "नाही जी. आठवत तं काहीच नाही. पण मले पसंत हाय."

लग्नाआधी वच्छलाला बघायला आले होते, तेव्हा पसंती सासऱ्यांनी कळवली होती. चंद्रभान खाली मान घालून चिवडा खात होता; त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वच्छलानं तोंडाला पदर लावला. एवढा संसार झाला, पण त्याची स्वतःची पसंती तिला आज कळत होती.