जोहडाची माती

मलब्याचा दुसरा ढीग ओलांडला तेव्हा चंद्रप्रभाताईंनी हात पुढे केले. "विजया, दे तो पाट इकडे. हात भरून आले असतील तुझे."

मी दिला नाही. वीतभर शाडूची मूर्ती, तिचं ओझं ते काय! थकल्या होत्या त्याच. गुडघे दुखत होते, आणि ऊन भाद्रपदातलं, दिल्लीचं. पूर्वी आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून बांधाबांधाने गेलं की लगेच जोहड यायचं. जोहड म्हणजे तिथल्या जुन्या गावाचं तळं. आता मध्ये नव्या सोसायट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, म्हणून सगळा सेक्टर वळसा घालून चाललो होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. द्वारकेत जिकडे बघावं तिकडे सळया, सिमेंटची पोती आणि पाण्याचे टँकर.

हे नोएडाला ऑफिसात, रजा मिळाली नाही. घरी आरती केली, दहीपोह्यांची शिदोरी बांधली आणि ताईंच्या दाराची बेल वाजवली. देवाला पोचवायला एकटीने जायला बरं वाटेना. देव न मानणारी बाई बरोबर नेतेस, असं शेजारच्या प्रभावहिनी म्हणाल्याच. पण त्या तळ्यावर ताईंइतकं कोण जात होतं?

ताई मूळच्या मिरजेच्या. प्राणिशास्त्र शिकल्या आणि साठच्या दशकात एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला म्हणून दिल्लीत आल्या. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सगळी नोकरी या एका जोहडाच्या पाण्यात गेली. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात, पिसवांसारखे उड्या मारणारे, त्यांचा त्या अभ्यास करायच्या. बारीक जाळं पाण्यातून ओढायचं, बाटलीत उतरवायचं, उन्हापुढे धरून बघायचं. मराठी लोकांची सोसायटी इथे होणार म्हटल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला तो जोहड जवळ म्हणून. आता त्याच सोसायटीच्या रस्त्यासाठी जोहड बुजवणार होते. सोमवारी ट्रक लागणार, असं ठेकेदाराचा माणूस सांगून गेला होता.

"तुम्ही अर्ज केला होता ना?" मी विचारलं.

"केले की. सगळीकडे केले. एक साहेब म्हणाले, मैडम, आपका फ्लैट भी तो वहीं है, रस्ता आपको भी चाहिए. काय बोलणार? पाहिजेच की रस्ता." त्या एका विटांच्या थप्पीवर टेकल्या. "थांब जरा. तुझ्या देवाला घाई नाही ना?"

"त्याला नाही. मला आहे. घरी परत जाऊन स्वयंपाक आहे."

हसल्या. मग पदराने मान पुसत म्हणाल्या, "तळं गेलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं गं. माती होती माझ्याकडे."

मे महिन्यात जोहड आटायचं. लोकांना वाटायचं, सगळं मेलं. पण ते जीव आटायच्या आधी टणक कवचाची अंडी घालून ठेवतात. ती मातीत नुसती पडून राहतात, वर्षानुवर्षं. पाणी लागलं की जागी होतात. ताईंनी दर उन्हाळ्यात तळाची माती खरवडून बरण्यांत भरली होती. तळं बुजलं तरी ते जीव त्या बरण्यांत झोपलेले होते. हे मला पाठ झालं होतं, इतक्यांदा त्यांनी सांगितलं होतं.

"मग? आहेत ना बरण्या?"

"नाहीत." त्या बुटाच्या टोकाने खडी ढकलत राहिल्या. "जूनमध्ये मी रिटायर झाले. माझी खोली रोबोटवाल्यांना दिली. यंत्राचा हात बनवतायत, हाडाचं ऑपरेशन करणारा. चांगलं काम आहे, नाही म्हणत नाही. उद्‌घाटनाला मंत्री येणार म्हणून आमच्या कचेरीतल्या हरिदासबाबूंनी खोली साफ करवली. बरण्या धुऊन ठेवल्या. आणि माती दारातल्या झेंडूच्या कुंड्यांत घातली."

माझ्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

"मी गेले सामान आणायला, तर गडी झारीने पाणी घालतोय. मी ओरडले. हरिदासबाबू धावत आले. मैडम, क्या हुआ? मिट्टी ही तो थी!" ताईंनी त्यांची नक्कल अशी केली की दोघी हसलो, आणि मग हसू पुढे सरकेना. "चूक त्यांची नाही. दर दिवाळीला ते माझ्याकडे लाडू घेऊन येत. बरण्यांवर वर्षं लिहिली होती, आत काय आहे ते लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं ना. जागी झाली असतील सगळी त्या कुंड्यांत. पाणी खाली झिरपलं की संपलं. एकदा जागी झाली की पुन्हा झोपत नाहीत ती अंडी."

त्या विटांवरून उठल्या आणि आम्ही पुढे निघालो.

आजूबाजूच्या बांधकामांच्या मलब्याने जोहड निम्मं आधीच भरलं होतं. एका बाजूला हिरवट पाणी उरलं होतं आणि त्याच्या कडेला उन्हाने तडकलेला चिखल. दरवर्षी आमच्या विसर्जनाला ताई जाळं घेऊन उभ्या असत. बायका म्हणत, "ताई, प्रसाद घ्या," तर म्हणत, "थांबा, आधी बघू तुमचा देव मागे काय सोडून गेला." रंगाने पाणी मरतं म्हणून त्यांनीच मला बिनरंगाच्या शाडूवर आणलं. या वेळी जाळं आणलं नव्हतं.

मी पाण्यात उतरले. मूर्ती तीनदा बुडवून सोडली. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं खरं. पुढच्या वर्षी इथे डांबर असणार. ताईंनी काठावरून हात जोडले, मी बघतेय हे दिसूनही सोडले नाहीत.

रिकाम्या पाटावर तिथली मूठभर माती घेऊन आपण घरी परततो, चिमूटभर घरात टाकतो, बाकीची तुळशीत. मी नेहमीसारखी काठावर वाकले.

"ओली नको," ताई म्हणाल्या. "तिकडची घे, तडकलेली. जास्त घे." आणि स्वतः गुडघे धरत खाली बसून त्यांनी तडकलेल्या चिखलाच्या खपल्या उचलून पाटावर ठेवल्या.

"मी दसऱ्यानंतर मिरजेला चालले, भावाकडे. कायमची. वहिनी दर महिन्याला घर झाडून काढते, तिच्या घरात चिखलाची पुडी टिकणार नाही."

"मग ठेवते की मी," मी म्हटलं. "तुळशीत—"

"तेच नको. तुळशीला रोज पाणी घालतेस तू." त्या उठायला लागल्या, मी हात दिला. माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही. "विजया, सावलीत वाळव. कोऱ्या फडक्यात बांध आणि तुझ्या देवघरात ठेव. माझ्या लॅबमधून टाकली त्यांनी. देवघरातून कोण टाकणार आहे? पाणी लागू देऊ नकोस, तीर्थाचंसुद्धा नाही. आणि कधी कोणी कुठे नवं तळं खणतंय असं कानावर आलं, तर तेवढी त्यात नेऊन सोड. मी नसले तरी. एवढं करशील?"